उतरंड

घर दाखवणारी बाई म्हणाली, "ह्याला इथे ट्रिनिटी म्हणतात.
खाली पिता, मध्ये पुत्र, वर पवित्र आत्मा.
प्रत्येकाला एक खोली."
मी मनात म्हटलं, अगं, ही तर उतरंड.
मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान,
आणि वरच्याला हात घालायचा
तर आधी खालच्याची खात्री हवी.

फिलाडेल्फिया. लोम्बार्ड स्ट्रीटच्या मागचा बोळ,
जिथे छत्र्या उघडून दोघं समोरासमोर आले
तर एकाने मिटायची असते.
दोनशे वर्षांच्या विटा. रुंदी अकरा फूट.
अच्युतने टेप लावली, मग पुन्हा लावली,
जणू भिंती भिडस्त असतील
आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर थोड्या सरकतील.

सोफा वर गेलाच नाही.
टेरेल नावाचा हमाल पोरगा वळणावर अडला,
सोफा कवेत, घाम भुवयांवर, म्हणाला,
"मॅडम, हा जिना माणसांसाठी आहे. तेही एकेकट्या."
पायऱ्या भाकरीच्या चतकोरासारख्या,
एका कडेला पाऊल मावतं, दुसरीकडे अंगठा.
पलंग करवतीने कापला, वर नेऊन जोडला.
अजून कूस बदलली की तो जोड बोलतो.

आम्ही कधी एका मजल्यावर भांडलो नाही.
मी खालून सुरू करायचे, तो वरून उत्तर द्यायचा,
मध्ये शब्द एकमेकांवर आदळायचे.
"काऽय?"
एवढा एक शब्द तेवीस वर्षं पुरला.
चहा वर पोचेपर्यंत निम्मा बशीत.
आणि मधल्या खोलीत आमची शलाका वाढली,
दोन्हीकडचं ऐकत, कुणाचीच बाजू न घेता.
आता ती टेक्ससला, आडव्या पसरलेल्या घरात.
फोनवर म्हणते, "आई, इथे सगळे एकाच मजल्यावर,
तरी कुणी सापडत नाही."

मार्चमध्ये माझा गुडघा गेला.
पित्याची खोली आता माझी. ओट्याशेजारी फोल्डिंगची खाट.
तो रात्री वर, कापलेल्या पलंगाच्या
आपल्याच अर्ध्यावर.
त्याच्या खिडकीतून नवा मनोरा दिसतो,
काचेचा, अंगकाठीने आमच्या घरावर गेलेला.
सकाळी खिचडी करपवता करपवता तो बातमी देतो,
"काल आणखी एक मजला चढला.
तळाशी कोण राहणार आहे कुणास ठाऊक."

पलीकडची कॅथलीन सूप घेऊन आली. बसली. सांगू लागली,
तिच्या सासऱ्यांना इथून कसं नेलं.
पेटी वळेना. मग खुर्चीत बसवलं, कंबरेला पट्टा,
डोक्यावर नेहमीची टोपी,
तिघांनी धरून उतरवलं,
आणि दर पायरीला त्यांची मान
हो, हो म्हणत होती.
मी पोट धरून हसले.
रात्री ते हसू कुठे ठेवावं कळेना,
ह्या घरात जागा ती केवढी.

हीटरचा पाइप तिन्ही खोल्यांतून जातो.
चमचा एकदा वाजला: जागी आहेस?
दोनदा: गोळी घेतली.
काल पहाटे वरून तीनदा वाजलं.
तीनचं आमचं काही ठरलेलं नव्हतं.
चमचा शोधला, सापडेना,
मग सांडशीनेच वाजवलं,
तीनदा.
मधली खोली रिकामी.
आवाज तिथे जरा रेंगाळला असेल,
मग वर गेला.